माळावरची भीती



केंदूर-पाबळच्या बाजूला जनावराचे बोलणे निघाले की आज ते बिबट्यावर जाते. उसात त्याने घरच केले आहे, तेव्हा त्यात नवल नाही. मला मात्र आज उसाच्या पलीकडे, दौंड-सुप्याच्या माळावर तुम्हांला न्यायचे आहे. तेथे चिंकारा आहे, लांडगा आहे, कोल्हाही आहे. प्रश्न साधाच आहे. कोल्हा फिरू लागला म्हणजे हरीण माळ सोडते काय?

अमेरिकेतल्या शिकाऱ्यांची अशी एक तक्रार असते. तेथे एल्क नावाचे, आपल्या सांबराच्या जोडीचे हरीण आहे आणि कोल्ह्याचा थोरला भाऊ शोभेल असा कायोटी आहे. शिकारीच्या दिवसांत एल्क मुके होतात, दिवसा झाडीबाहेर येत नाहीत. रात्री कायोटी ओरडलेला असतो. दोष त्याच्या माथी! पण कायोटीची नजर मुख्यतः कोवळ्या पाडसांवर. दोन-तीनशे किलोच्या जनावराने पंधरा किलोच्या कायोटीला भ्यायचे ते किती? त्यांना मुके करते ती बंदूक.

आपल्या कोल्ह्याची मजलही पाडसापर्यंतच. म्हणून हरिणी पाडसाला गवतात दडवते, आपण दूर चरते आणि दूध पाजण्यापुरती परत येते. लांडग्याची गोष्ट वेगळी. तो वाढलेले हरीणही पाडतो. पण त्याच्या भीतीनेसुद्धा काळवीट माळ सोडत नाही. उलट उघड्यावर राहते, कारण त्याचा सारा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर.

हा हिशेब किती बारीक असतो, हे कोल्हापूरच्या चित्तेवानांना पक्के ठाऊक होते. शाहू छत्रपतींच्या काळी काळविटाच्या शिकारीला चित्ते डोळे झाकून गाडीतून नेत. पायी माणूस दिसला की कळप उधळे. बैलगाडी मात्र रोजची, तिला तो जवळ येऊ देई. मग चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढायची. काळविटाचा हिशेब चुकत नव्हता. गाडीत चित्ता बसतो हे त्या बिचाऱ्याने कोठून जाणावे?

१९७२ च्या कायद्याने हरणांची शिकार गुन्हा ठरली. १९९७ साली सुप्याजवळ चिंकाऱ्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. भोवतालच्या माळाला आपण कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतो, आणि पडीक म्हटले की नांगर, खाण, प्लॉट यांना वाट मोकळी. त्या वाटेने गावची कुत्रीही माळावर जातात.

येथे जरा थांबले पाहिजे. हरणे कमी झाली की लांडगा उपाशी राहतो, त्याची पिल्ले जगत नाहीत. कुत्र्याचे तसे नाही. त्याचे पोट उकिरड्यावर भरते, हरीण मिळो न मिळो. पाठलाग मात्र तो रोज करू शकतो. लांडगा पोट भरले की आडवा होतो, कुत्रा भरल्या पोटी धावतो. शिवाय पुण्याजवळच्या एका लांडग्यात कुत्र्याचे रक्त मिसळल्याचे जनुकीय तपासणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाले आहे.

आणि धनगराचे कोकरू गेले म्हणजे? वाड्यावर नाव निघते ते लांडग्याचे. पुष्कळदा ते खरेही असते, धनगराचे नुकसान तर खरेच असते. पण पायांचे ठसे पाहायला कोणी जात नाही. कुत्र्याचे नाव घेतले तर ते कोणाचे, हे सांगावे लागेल ना!