अंगठा आपला, यंत्र कुणाचं?

मैत्रिणींनो, देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत एका बाईला मिळालं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख ठरली. पण निंदणी-खुरपणीत झिजलेली बोटं यंत्र ओळखत नाही, कधी रेंज नसते. मग हक्काचं धान्य अडतं. यंत्रापुढे दाद कुणाकडे मागायची? मुक्त सॉफ्टवेअरवाले सांगतात, यंत्राला दिलेल्या आज्ञा सर्वांना वाचता-तपासता आल्या पाहिजेत. ही मागणी आपलीही आहे. यंत्राला माझा विरोध नाही. त्याच्या बंद कारभाराला आहे. अंगठा जुळला नाही तर तोंडी नकार घेऊन परतू नका. एकीने जा, कारण लेखी मागा.