चित्रशाळा आणि धर्मश्रद्धा



आपल्यापैकी ज्यांच्या मुलामुलींनी अमेरिकेतील कलामहाविद्यालयांत नाव दाखल केले आहे, त्यांच्यापुढे विवस्त्र मॉडेलवरून रेखाटन करण्याच्या वर्गाचा प्रश्न आज ना उद्या उभा राहतो. आणि श्रद्धेपायी त्या वर्गास हरकत घेणाऱ्या विद्यार्थ्याला, मग तो मुसलमान असो, जैन असो वा सनातनी ज्यू असो, मागासलेला ठरवून मोकळे होण्याची जी घाई सुशिक्षित माणसे करतात, ती मला अन्यायाची वाटते.

त्या वर्गात शिकवतात तरी काय? मॉडेलने देहाचा भार उजव्या पायावर टाकला की उजवी कंबर वर चढते, डावी खाली कलते, आणि तोल राखण्यासाठी खांद्यांची रेषा उलट दिशेला झुकते. हा कल कोळशाच्या चार रेघांत पकडता आला नाही, तर पुढचे रेखाटन उभेच राहत नाही. एवढे ज्ञान तंग वस्त्रांतील मॉडेलवरूनही, सांगाडा व प्लास्टरचे पुतळे जोडीला घेऊन, पुष्कळसे संपादता येते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये नग्न मॉडेलचा वर्ग प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत, १९१९ च्या सुमारास, सुरू झाला. १८९० साली तेथे दाखल झालेले चित्रकार धुरंधर त्याच्या कितीतरी आधी घडलेले होते, आणि त्यांच्या चित्रांतील स्त्रियांची चालण्याबसण्याची ढब पाहिल्यावर त्यांचे देहज्ञान अपुरे होते असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. तथापि स्नायूंचे ताण आणि त्वचेवर फिरणारा प्रकाश वस्त्राआड लपतात, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ज्याला देहचित्रणातच आयुष्य वेचायचे आहे, त्याला ही उणीव जाणवल्यावाचून राहणार नाही.

अशा श्रद्धेपोटीच्या हरकतीकडे अमेरिकेतील न्यायालय कसे पाहते, याचे एक उदाहरण अभिनयाच्या वर्गातले आहे. युटा विद्यापीठाच्या अभिनय विभागातील एका मॉर्मन विद्यार्थिनीने संवादांतील काही शिवराळ व ईश्वरनामाची अवहेलना करणारे शब्द उच्चारण्यास नकार दिला, तेव्हा प्रकरण संघीय अपील न्यायालयापर्यंत गेले. अभ्यासक्रम ठरवण्याचा शिक्षकांचा अधिकार न्यायालयाने २००४ साली मान्य केला; परंतु ही सक्ती खरोखर शिक्षणासाठी होती की तिच्या धर्माविषयीच्या आकसापोटी, याचा निवाडा व्हावयास हवा, असेही ठरवले. पुढे उभयपक्षी तडजोड झाली.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, विद्यार्थ्याने सत्राच्या आरंभीच लेखी अर्ज द्यावा. हरकत देह पाहण्यास आहे, की तो चितारण्यास, की भिन्नलिंगी मॉडेलपुरतीच, हे त्यात स्पष्ट मांडावे, आणि त्याऐवजी कशावरून किती रेखाटने करून देणार तेही लिहावे. शिक्षकास सवलत नाकारावयाची असेल, तर कोणते कौशल्य या वर्गावाचून शिकवता येत नाही, ते त्यानेही त्याच अर्जाखाली आपल्या सहीनिशी नमूद करावे.