जठरावरचा पट्टा आणि जेवणाची गती



बाजारात आंब्याच्या पेट्या उतरू लागल्या असताना, वसंतातल्या या व्याख्यानमालेत, जठराला बांधावयाच्या पट्ट्यावर बोलण्याचे काम चालकांनी माझ्याकडे सोपविले, यात थोडासा खट्याळपणा असावा असा मला संशय आहे. विषय मात्र गंभीर आहे. मी शल्यविशारद नाही. शस्त्रक्रिया आटोपून रुग्ण घरी परतल्यावर पुढील वर्षानुवर्षे ज्यांच्या दारी येत राहतो त्या फिजिशियनांपैकी मी एक आहे, आणि म्हणून प्रत्यक्ष शस्त्रक्रियेविषयी थोडे आणि तिच्यानंतरच्या जेवणांविषयी पुष्कळ, असे माझ्या भाषणाचे प्रमाण राहील.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगतो. अन्ननलिका जेथे जठरास मिळते त्याच्या किंचित खाली सिलिकोनचे एक कडे बसवितात; कड्याच्या आतल्या अंगास एक पोकळ फुगा असतो, त्या फुग्यातून एक बारीक नळी निघते, आणि ती पोटाच्या कातडीखाली स्नायूवर टाचलेल्या एका चपट्या डबीस, जिला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही नुसते ‘पोर्ट’ म्हणतात, जाऊन मिळते. पोर्टमध्ये बाहेरून सुई टोचून सलाईन भरले की कडे आतून आवळते, काढून घेतले की सैल पडते. साऱ्या फुग्यात मावणारे पाणी, पट्ट्याच्या प्रकारानुसार, चार ते चौदा मिलिलिटर एवढेच. जठराचा कोणताही भाग कापलेला नसतो, आतड्याची वाट बदललेली नसते, आणि कडे काढून घेण्याची मुभा कायम असते. एडवर्ड मेसन यांनी आयोवा विद्यापीठात १९६६ साली स्थूलतेवर जठराचा बायपास केला तेव्हापासून चालत आलेल्या कापाकापीच्या मार्गाहून हा मार्ग सौम्य वाटला तो याच कारणाने. अगोदरचे न बदलणारे पट्टे कोणास सैल तर कोणास जाचक होत. तो दोष ओळखून न्यू जर्सीतील ल्युबोमिर कुझमाक यांनी १९८६ मध्ये पाणी आत-बाहेर करता येईल असा फुगा पट्ट्यास जोडला, त्याच सुमारास स्वीडनमध्येही तशीच रचना सिद्ध झाली, आणि इथिओपियात जन्मून बेल्जियममध्ये शल्यविशारद झालेल्या मितिकू बेलाच्यू यांनी १ सप्टेंबर १९९३ रोजी उय या गावच्या रुग्णालयात तो पट्टा प्रथमच दुर्बिणीतून बसविला. अमेरिकेच्या सरकारी खात्याने त्यास २००१ च्या जून महिन्यात मंजुरी दिली, आणि मग काही वर्षे या पट्ट्याचा सर्वत्र बोलबाला झाला.

लोक यास तयार का होतात, हा प्रश्न काटक माणसांना पडतो. वजनाच्या ओझ्याबरोबर मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची झीज आणि झोपेत कोंडणारा श्वास ही सारी येतात, आणि पथ्याने उतरलेले वजन पुन्हा चढते हा जगभरचा अनुभव आहे. मेलबर्न येथे जॉन डिक्सन व पॉल ओब्रायन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नुकताच मधुमेह जडलेल्या साठ स्थूल रुग्णांचे दोन गट केले होते. दोन वर्षांनी पट्टा घेतलेल्यांपैकी ७३ टक्के लोकांचा मधुमेह मावळला होता, नुसत्या औषधपथ्यावर राहिलेल्यांपैकी १३ टक्क्यांचा. आपल्या लोकांच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच लागू पडतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्याशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र २००४ साली प्रसिद्ध केले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत २२.३, परंतु युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. पाश्चात्त्यांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा निर्देशांक ४०, व व्याधी असल्यास ३५, अशी दीर्घकाळ मानली गेली. आशियाई लोकांसाठी ती अनुक्रमे ३७.५ व ३२.५ अशी खाली आणली गेली, ती याच मेदाच्या हिशेबाने.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. पट्टा घेतलेला मनुष्य आणि त्याचे सारे गणगोत अशी समजूत करून बसलेले असतात की हा पट्टा म्हणजे घशाखाली बसविलेले एक जकातनाके आहे, तेथे अन्न अडविले जाते, थोडेच पुढे सोडले जाते, आणि म्हणून नाके जितके कडक तितकी वजनाची घट अधिक. ही समजूत चुकीची आहे, आणि पट्ट्यापायी भोगाव्या लागणाऱ्या बहुतेक यातनांचे मूळ मला तिच्यातच दिसते. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील मंडळींनी अन्ननलिकेत दाबमापक नळ्या घालून आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर घासाचा प्रवास पाहून असे दाखविले की नीट जुळविलेल्या पट्ट्यावर अन्न साचून राहत नाही. चांगला चावलेला घास अन्ननलिकेच्या दोन ते सहा आकुंचनांत, म्हणजे फार तर मिनिटभरात, पलीकडे उतरतो, आणि उतरताना जठराच्या त्या भागावर जो हलका दाब पडतो त्याची वार्ता व्हेगस मज्जातंतूच्या मार्गे मेंदूस पोहोचून, एरवी भरल्या ताटानंतर येणारी तृप्ती अर्ध्या वाटीतच येते. पट्ट्याचे कार्य तृप्ती लवकर आणण्याचे आहे. मार्ग रोखण्याचे नव्हे.

वाग्भटाने जठराचे चार भाग कल्पून दोन अन्नास, एक पाण्यास आणि चौथा वायूस मोकळा ठेवावयास सांगितले, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक असते. अडचण एवढीच, की दोन भाग भरले हे खाणाऱ्याला कळावे कसे? स्थूल माणसाच्या बाबतीत ती जाणीव फार उशिरा येते, आणि तिला तो आळस किंवा अधाशीपणा म्हणून दोष देण्यात आपण पिढ्यानुपिढ्या धन्यता मानली आहे. पट्टा ती जाणीव लवकर आणतो. परंतु खाणाऱ्याने तिला ऐकू येण्याइतकी सवड दिली तरच.

म्हणून नव्या आयुष्याचा पहिला नियम मात्रेचा नसून गतीचा आहे. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन आठवडे पातळ पदार्थ, नंतर काही दिवस घोटलेले, मग मऊ, आणि महिन्या-सव्वा महिन्याने नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. पट्ट्यात पहिले पाणी भरणेही साधारणतः त्याच सुमारास होते. त्यानंतर जेवण म्हणजे सुमारे अर्धी वाटी सव्यंजन अन्न, बोटाच्या पेराहून लहान घास, प्रत्येक घास वीसेक वेळा चावलेला, गिळल्यावर मिनिटभर थांबणे, आणि वीस मिनिटे झाली की ताटात काही उरले असले तरी उठणे. ताटात टाकू नये, हा आपल्या घराघरांतील संस्कार येथे आडवा येतो. पन्नास वर्षे अन्न हे पूर्णब्रह्म मानून ताट चाटूनपुसून स्वच्छ करणाऱ्या बाईला दोन घास मागे ठेवताना जे अपराधी वाटते त्याची कल्पना शस्त्रक्रियागृहातील कोणास नसते. मी त्यांना ताटात मुळीच वाढून घेऊ नका, लहान वाटीतच घ्या, असे सांगतो. त्यामुळे निदान टाकण्याचा प्रश्न उरत नाही.

घाई झाली की काय होते? पहिला घास पलीकडे उतरण्याआधीच दुसरा त्याच्यावर येऊन बसतो, छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखी कळ येते, तोंडात फेसाळ चिकट लाळ दाटते, आणि अखेर मोरीकडे धाव घ्यावी लागते. ‘अडकलं’ एवढा एकच शब्द पट्टा घेतलेली माणसे यासाठी वापरतात, आणि तो उच्चारताच त्यांच्या घरी सर्वांना उमगतो. बाहेर पडते ते आंबट नसते, कारण ते खालच्या जठरात पोहोचलेलेच नसते. ताजा लुसलुशीत पाव तोंडात पुन्हा कणकेचा गोळा होऊन अडकतो, आणि आपली मऊ पोळीही त्याच कुळातली. चिकट भात, सुके मटण, संत्र्याच्या फोडीचे साल, शेवग्याच्या शेंगेचे दोर हेही कुप्रसिद्ध. याउलट वरणात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी, मऊ शिजवलेली उसळ, रश्श्यातला मासा, पनीर, अंड्याची पोळी ही बहुतेकांना नीट जातात, आणि प्रथिनांचा हिशेब, जो रोज साठ ग्रॅमच्या आसपास राखावा लागतो, त्यांच्यातूनच भरून निघतो. जेवताना पाणी पिऊ नये, हा आणखी एक नियम; पाण्याबरोबर अन्न धुतले जाऊन पट्ट्यावरचा दाब नाहीसा होतो, म्हणून तांब्याभांडे ताटापाशी न ठेवता ते दोन जेवणांच्या मधल्या वेळी हाताशी ठेवावे.

यापुढचा भाग मी जरा आवाज खाली घेऊन सांगणार आहे, कारण सभागृहात मोसमाचा वास आहे. आमरस, श्रीखंड, बासुंदी, आइस्क्रीम आणि वितळणारे चॉकलेट या पदार्थांना पट्टा मुळीच हरकत घेत नाही. ते सरळ खाली उतरतात, दाब पडत नाही, म्हणून तृप्तीही येत नाही, आणि वाटीमागून वाटी रिचविणाऱ्यास पट्टा असल्याची आठवणसुद्धा होत नाही. शस्त्रक्रियेने भुकेचा बंदोबस्त होतो. दुःखाचा, एकटेपणाचा, कंटाळ्याचा होत नाही, आणि ज्यांनी आजवर त्या सर्वांवर खाण्याचाच उतारा शोधला होता त्यांना ताटातला एक दिलासा हिरावला गेल्यावर दुसरा नेमका या मऊ गोडाच्या रूपाने गवसतो. अशा माणसाला रागावणे व्यर्थ असते. त्याच्याशी बोलणारे कोणी तरी हवे असते, आणि आपल्या रुग्णालयांतून त्याचीच वाण.

आणि मग येतो आग्रह. महाराष्ट्रात पंगतीला बसून ‘पुरे’ म्हणणे ही लढाईच आहे. ‘अहो, एवढ्यानं काय होतंय?’ म्हणून पानात पडणारी जिलबी, ‘आमच्या हातचं गोड लागत नाही वाटतं’ हा वहिनींचा टोमणा, लग्नघरी जावयापुढे धरलेला विहिणीचा घास, या सर्वांना पट्ट्याचे कारण सांगावे तर शस्त्रक्रियेची बातमी गावभर होते आणि न सांगावे तर अपमान घडतो. माझ्याकडील बहुतेक रुग्ण पहिले वर्षभर ‘ॲसिडिटी आहे’ या सोयीच्या असत्यावर निभावून नेतात. त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. वाढणाऱ्या मंडळींनी मात्र हातातील पळी एकदा आवरून पाहावी.

आता त्या चुकीच्या समजुतीचे मोल पाहा. वजन उतरेनासे झाले की रुग्ण सांगतो, ‘डॉक्टर, बँड टाइट करा.’ मागणी मान्य होते, पट्टा वाजवीपेक्षा आवळला जातो. मग पोळी, भाजी, उसळ हे सारे अडकू लागते, रात्री आडवे होताच खोकला येतो, आणि मनुष्य हळूहळू पातळ व गोड पदार्थांवर येऊन ठेपतो. वजन पुन्हा चढते, की पुन्हा तीच मागणी. दरम्यान पट्ट्यावरचा कप्पा ताणून मोठा होतो, कधी जठराचा भाग पट्ट्यातून वर सरकतो, अन्ननलिका रुंदावते, आणि काही जणांत पट्टा जठराची भिंत झिजवून आत शिरतो. अशा रुग्णास भरलेल्या पाण्यातून थोडे काढून घेऊ असे सुचविले तर त्याला ती शिक्षेची माफी नव्हे तर पराभवाची नोंद वाटते; प्रत्यक्षात पाणी काढल्यावर तो पुन्हा भाकरी खाऊ लागतो आणि वजनही उतरू लागते, हे मी पाहिलेले आहे.

हा सारा कारभार वारंवार भेटीगाठींवर चालतो, आणि येथेच दोन शहरांचे दाखले परस्परविरुद्ध उभे राहतात. ब्रसेल्स येथील जाक हिम्पेन्स आणि सहकाऱ्यांनी २०११ साली, बारा वर्षे व अधिक काळ लोटलेल्या ८२ रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे पट्टे काढावे लागले होते आणि सुमारे तिघांत एकाच्या जठरात पट्टा रुतला होता. दोनच वर्षांनी ओब्रायन यांनी मेलबर्नहून पंधरा वर्षांचा हिशेब मांडला. पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे प्रसंग तेथेही थोडे नव्हते, तथापि जादा वजनापैकी सुमारे ४७ टक्के घट टिकून होती आणि पट्टा कायमचा काढून टाकावा लागला तो सुमारे ५.६ टक्के लोकांचा. दोन्ही ठिकाणची तंत्रे व काळ अगदी सारखे नव्हते हे मान्य. तरी मेलबर्नच्या मंडळींनी पाठपुराव्याची जी शिस्त राखली तिला या फरकाचे पुष्कळ श्रेय द्यावे असे माझे मत आहे. एवढी शिस्त सर्वत्र पाळली गेली नाही. २०११ साली अमेरिकेत वजन घटविण्याच्या एकंदर शस्त्रक्रियांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक पट्ट्याच्या होत्या; २०१९ पर्यंत तो वाटा सुमारे एक टक्क्यावर आला, आणि जठराचा मोठा भाग कापून काढणारी ‘स्लीव्ह’ सर्वत्र रूढ झाली. आपल्याकडेही आज पट्टा क्वचितच बसविला जातो.

परंतु बसविलेले पट्टे वागविणारी माणसे आहेत, आणि त्यांतील काहींची शस्त्रक्रिया परमुलखात झालेली असून आता ती स्वगृही परतली आहेत, जेथे पट्ट्याची जात कोणती, त्यात पाणी किती, हे सांगणारे दप्तर कोणापाशीच नसते. अशांनी आपल्या शस्त्रक्रियेचा दाखला मागवून घ्यावा आणि वर्षातून एकदा तरी कोणास दाखवावे. दिवस राहिले असता, अथवा दीर्घ आजार आला असता, पट्टा सैल करून घेण्याची तजवीज लवकर करावी. पाणी भरल्यानंतर दवाखान्यातून उठण्यापूर्वी पेलाभर साधे पाणी पिऊन ते खाली उतरते की नाही हे पाहावे. आणि पुढे कधीही, रात्री-अपरात्री का होईना, पाण्याचा घोटसुद्धा उतरेनासा झाला किंवा पोटात सतत कळ राहिली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे पट्टा रिकामा करणाऱ्या डॉक्टरास पोर्टची स्वतंत्र सुई लागते, जिला ह्यूबर सुई म्हणतात; इंजेक्शनची साधी सुई पोर्टच्या पडद्याचा तुकडा काढते आणि मग तो गळू लागतो. त्या सुईचे नाव दाखल्याच्या मागे लिहून ठेवावे.