जुन्या चौकटीचा पलंग

पुणें शहराच्या पेठांत जुने वाडे आतां थोडेच उरले आहेत. 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां मुठेच्या कांठचे कितीएक वाडे एका दिवसांत खचले. जे वांचले त्यांतील बहुतेक पुढील साठ वर्षांत एकेक करून उतरविले गेले. वाडा उतरविला म्हणजे विटामातीचा ढीग गाड्यांत भरून जातो. परंतु तुळया, कड्या, खांब आणि चौकटी निराळ्या रचून ठेवल्या जातात व वखारवाले त्यांचा भाव करावयास येतात. शंभर वर्षें छपराचा भार वाहिलेलें सागवान अजून कामाचें आहे, हें त्यांस ठाऊक असतें.

सागाच्या या टिकाऊपणाला कारण आहे. त्याच्या गाभ्यांत मुळचाच तेलकट अंश असतो. त्यामुळें वाळवी सहसा त्याच्या वाटेस जात नाहीं आणि पाणीही आंत लवकर शिरत नाहीं. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं 1817 सालीं ‘त्रिंकोमाली’ नांवाचें लढाऊ जहाज सागवानाचें बांधलें. तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर तरंगत उभें आहे. अशा लाकडाचें सरपण व्हावें, यासारखा अपव्यय नाहीं.

परंतु लाकूड उत्तम आहे, एवढ्यावरून तें लहान मुलाच्या अंगाखालीं घालण्यास योग्य ठरत नाहीं. पेठेंतील एका कुटुंबास याची प्रचीति आली, ती ऐकण्यासारखी आहे.

या कुटुंबाचा वाडा उतरावयाचा ठरला, तेव्हां घरांतील वडील माणसानें, ज्यांना सर्व अण्णा म्हणत, माजघराच्या दाराची चौकट आणि दोन कड्या तेवढ्या मागून घेतल्या. त्यांचा नातू चार वर्षांचा होता. नव्या घरांत त्यास निजावयास स्वतंत्र पलंग हवा होता. चौकटीवर हिरव्या तैलरंगाचे थरावर थर चढलेले होते, आणि त्या रंगावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. घरांतील मुलांची उंची दर दिवाळीस त्या चौकटीपाशीं मोजण्याचा प्रघात होता. अण्णांच्या मुलाच्या रेघा त्यांनीं स्वतः ओढल्या होत्या. त्या रेघांसह चौकटीचा तुकडा पलंगाच्या उशाशीं यावा, ही त्यांची इच्छा होती.

सुतार वयस्क आणि कामाचा जाणता होता. त्यानें लाकूड पाहिलें, नखानें रंगाची एक खपली उचलली, आणि म्हणाला, “अण्णा, लाकूड सोन्यासारखें आहे. पण हा रंग ठेवून मी मुलाचा पलंग करणार नाहीं.”

अण्णांस तें रुचलें नाहीं. सुतारास खरवडण्याची मजुरी हवी आहे, असा संशयही त्यांच्या मनांत डोकावला. परंतु सूनबाईंनीं ती खपली कागदांत बांधून रसायनशाळेंत तपासावयास पाठविली. उत्तर आलें तें असें, कीं रंगांत शिसें आहे, आणि तें थोडेंथोडकें नाहीं.

पूर्वीच्या तैलरंगांत शिशाचे क्षार घालीत. त्यानें रंग लवकर वाळे, झांकण चांगलें बसे व तकाकी टिके. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक असूं नये, असा नियम 2016 सालीं झाला व पुढील वर्षीं तो अमलांत आला. त्यापूर्वीं रंगविलेल्या दाराखिडक्यांविषयीं सावधच राहिलें पाहिजे. रंग जुना झाला म्हणजे त्याची भुकटी पडते. मूल त्या लाकडास हात लावतें, तोच हात तोंडांत घालतें. शिसें पोटांत गेल्यानें मुलाच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो, आणि अमुक इतकें गेलें तरी चालेल, अशी निर्धोक मर्यादा वैद्यकशास्त्रास आढळलेली नाहीं. दुखणें लगेच दिसत नाहीं, म्हणूनच तें अधिक घातक.

अण्णा दोन दिवस फारसें बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं सुतारास बोलावणें पाठविलें.

रंग काढण्याचें काम कसें झालें, तेंही सांगितलें पाहिजे. कारण चूक बहुधा येथेंच होते. कोरड्या रंगावर पॉलिशकागद घासला तर शिशाची धूळ सर्व घरभर होते, आणि रंग जाळून काढला तर विषारी वाफ निघते. म्हणून सुतारानें चौकट उघड्या अंगणांत नेली, मुलांस तिकडे फिरकूं दिलें नाहीं, तोंडास धूळ अडविणारी पट्टी बांधली, आणि लाकूड वरचेवर ओलें करीत पात्यानें रंग खरवडला. खालीं अंथरलेल्या जाड कापडावर पडलेल्या खपल्या गोळा करून बंद पिशवींत बांधल्या. अंगांतील कपडे मुलांपासून दूर, वेगळे धुतले. त्यानंतर चौकट सावलींत, वारा लागेल अशी, कित्येक दिवस वाळत ठेवली.

पुढें खिळ्यांचा शोध. जुन्या लाकडांत मोडलेले खिळे दडून असतात. त्यांवर करवत वा रंधा गेला तर पातें फुटतें आणि तुकडा डोळ्यांत उडतो. सुतारानें लोहचुंबक दोऱ्यास बांधून लाकडावरून इंच इंच फिरविला व चौदा खिळे काढले. मग कडेचें पांढरें लाकूड तासून टाकलें. कारण सागाची सारी कीर्ति गाभ्याची आहे, बाहेरच्या पांढऱ्या भागास कीड लागते. सागांत वाळूसारखा सूक्ष्म अंश असल्यामुळें हत्यारांची धार लवकर जाते. तेव्हां पटाशी पुनःपुन्हां घासावी लागली.

पलंग साधाच केला: पांच फूट लांब, अडीच फूट रुंद, आणि जमिनीपासून अवघा चौदा इंच उंच, म्हणजे मूल झोपेंत घसरलें तरी फार लागूं नये. चौकटीच्या दोन उभ्या लाकडांतून चार पाय निघाले, कड्यांतून बाजूच्या पट्ट्या व खालच्या फळ्या. सांधे कुसूं घालून केले. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खांचेंत घट्ट बसली म्हणजे खिळ्याची गरज राहत नाहीं. उशाकडे अर्ध्या लांबीचा कठडा ठेवला व त्याच्या दांड्यांत दोन इंचांचेंच अंतर राखलें. अमेरिकेंत बाळाच्या पाळण्यास गजांमधील अंतराची मर्यादा 2⅜ इंच ठरविलेली आहे. अंतर त्याहून वाढलें तर अंग निसटून डोकें अडकण्याचें भय असतें. सर्व कडा गोल केल्या, आणि शेवटीं खाण्याच्या प्रतीचें अळशीचें तेल पातळ हातानें देऊन तें पुरतें वाळूं दिलें. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवल्या नाहींत. अशा ओल्या गोळ्यास आपोआप आग लागूं शकते, म्हणून त्या पसरून वाळविल्या.

वडिलार्जित वस्तु मुलांच्या हातीं द्यावी, ही इच्छा उत्तम खरी. परंतु ती जशी आपल्याकडे आली तशीच पुढें ढकलणें म्हणजे देणें नव्हे. तिच्यांत काय मुरलें आहे, कोठें खिळा दडला आहे, हें देणाऱ्यानें आधीं पाहावयाचें असतें. घेणाऱ्याचें वय तें पाहण्याचें नसतें. अण्णांस हें पटावयास दोन दिवस लागले, पण पटलें.

त्या रेघांचें काय झालें, असें श्रोत्यांस वाटत असेल. रंग खरवडण्यापूर्वीं सूनबाईंनीं चौकटीवर कागदाची लांब पट्टी धरून प्रत्येक रेघ व तिची तारीख उतरून घेतली होती. उरलेल्या स्वच्छ सागवानाची एक पट्टी सुतारानें रंधली, त्या मापांवर बारीक खांचा पाडल्या, आणि ती पलंगाशेजारीं भिंतीस, बरोबर पूर्वीच्या उंचीवर, बसविली. पलंग घरांत आला त्या संध्याकाळीं नातवास तिच्यापाशीं ताठ उभें केलें. त्याची खूण वडिलांच्या चौथ्या वर्षाच्या खुणेहून एक बोट खालीं आली. ती खांच पाडण्यासाठीं अण्णांनीं सुताराच्या हातांतील पटाशी मागून घेतली.