वृद्धांची स्मृती : वारसा आणि सार्वजनिक आरोग्य

(कुंभकोणम येथे ज्येष्ठ नागरिक व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यानंतर कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी घरात मराठी आणि बाजारात तमीळ असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालविला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावी अशा कुटुंबात जन्मले. या दुभाषिक जीवनाचा आजच्या विषयाशी निकटचा संबंध आहे, तो मी पुढे सांगणार आहे. विषय आहे वृद्धापकाळी होणारा बौद्धिक क्षमतेचा ऱ्हास. त्याची कारणे वैद्यकशास्त्र सांगते. परंतु त्यांपैकी कोणत्या कारणावर समाजाने आपला मर्यादित पैसा खर्च करावा, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे.

समस्येची व्याप्ती

लोकसंख्येच्या अधिकृत अंदाजानुसार २०२१ मध्ये देशात साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. तामिळनाडूत ते १३.६ टक्के, तर महाराष्ट्रात ११.७ टक्के होते. म्हणजे महाराष्ट्र उद्या ज्या टप्प्यावर पोहोचणार आहे, तेथे तामिळनाडू आज उभा आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने चालणाऱ्या वृद्धत्वविषयक दीर्घकालीन पाहणीला जोडून स्मृतिभ्रंशाचा स्वतंत्र अभ्यास झाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश आहे. २०३६ पर्यंत ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले.

वारशाचा वाटा

‘हे आमच्या घराण्यातच आहे’ असे अनेक कुटुंबांत बोलले जाते. त्यात तथ्य किती? एकोणिसाव्या गुणसूत्रावर ‘एपीओई’ नावाचे जनुक असते. त्याचे तीन प्रमुख प्रकार आहेत. प्रत्येकाला त्याची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. यांपैकी ‘ई-४’ या प्रकाराचा अल्झायमर विकाराशी असलेला संबंध १९९३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिला. त्याची एक प्रत असल्यास धोका सुमारे दोन ते तीन पटींनी वाढतो आणि दोन प्रती असल्यास त्याहून बराच अधिक वाढतो. तथापि दोन प्रती असूनही काहींना वार्धक्यात हा विकार होत नाही, तर एकही प्रत नसलेल्या अनेकांना तो होतो. ई-४ हा धोका वाढविणारा घटक आहे, भवितव्य ठरविणारा नव्हे.

भारतातील अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. हरियाणातील बल्लभगड परिसर आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचा एक भाग यांचा संयुक्त अभ्यास झाला. बल्लभगडमध्ये ई-४ ची वारंवारता ०.०७, तर अमेरिकेतील त्या भागात ०.११ आढळली. म्हणजे हा प्रकार आपल्याकडे तुलनेने विरळ होता. पण जेथे तो होता, तेथे विकाराशी असलेला त्याचा संबंध दोन्ही देशांत सारखाच दिसला.

येथे एक सामाजिक बाब स्पष्ट केली पाहिजे. तामिळनाडूत, तसेच महाराष्ट्रातही, मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा जुनी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तामिळनाडूतील नात्यांतर्गत विवाहांचे प्रमाण सुमारे २८ टक्के, देशात सर्वाधिक, आढळले. त्यामुळे घरातील आजीला विस्मरणाचा विकार जडला की नातीचे लग्न मोडेल, या भीतीने रुग्णाला लपविले जाते. ई-४ ची एक प्रतही धोका वाढविते. त्यासाठी आईवडील एकमेकांचे नातलग असावे लागत नाहीत. आजीच्या विकारावरून नातीचे भवितव्य सांगता येत नाही. मात्र या लपवाछपवीने उपचाराची पहिली, मोलाची वर्षे वाया जातात.

बदलता येण्याजोगी कारणे

वय आणि जनुके बदलता येत नाहीत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ च्या अहवालात बदलता येण्याजोगे चौदा घटक नोंदविले : अपुरे शिक्षण, श्रवणदोष, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल, स्थूलता, धूम्रपान, अतिमद्यपान, डोक्याला इजा, नैराश्य, व्यायामाचा अभाव, एकाकीपणा आणि हवेचे प्रदूषण. हे सर्व घटक दूर करता आले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबणीवर टाकता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे.

यांपैकी रक्तदाबाचे उदाहरण घेऊ. वाढलेला रक्तदाब मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना वर्षानुवर्षे इजा करतो आणि लक्षणे मात्र उशिरा दिसतात. चीनच्या ग्रामीण भागातील ३२६ गावांत सुमारे ३४ हजार उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर चार वर्षे प्रयोग झाला. निम्म्या गावांत, विशेषज्ञ नसलेल्या गावडॉक्टरांनी ठरलेल्या पद्धतीने औषधे देऊन रक्तदाब आटोक्यात ठेवला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तेथे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अन्य गावांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी राहिले. तामिळनाडूने ५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम्’ या योजनेत महिला आरोग्य स्वयंसेविका रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरपोच देतात. या योजनेकडे हृदयविकार टाळण्याचा उपाय म्हणून पाहिले जाते. तिचा स्मृतिरक्षणाशी असलेला संबंधही धोरणकर्त्यांनी ओळखला पाहिजे.

दृष्टिदोषाचा समावेश या यादीत २०२४ मध्येच झाला. येथून जवळच असलेल्या तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेत्ररोगांवर उपचार करविले आणि त्या रुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आहेत. आज मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शासकीय कार्यक्रमांतून विनामूल्य होते. श्रवणयंत्र मात्र गरीब वृद्धाला सहज मिळत नाही. ज्याला ऐकू येत नाही, तो संभाषणातून आणि हळूहळू समाजातून बाहेर पडतो.

पोषणाचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के जणांत ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची पातळी कमी आढळली. या कमतरतेमुळे, तसेच थायरॉइडच्या विकारामुळे व नैराश्यामुळेही, विस्मरण होऊ शकते आणि वेळीच उपचार झाल्यास ते सुधारू शकते. म्हणून ‘म्हातारचळ’ असे म्हणून सोडून देण्यापूर्वी या तपासण्या झाल्याच पाहिजेत.

शिक्षण, भाषा आणि मेंदूची शिल्लक

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर शिक्षण ही मेंदूची बचत आहे. आयुष्याच्या आरंभी साठविलेली ही शिल्लक वार्धक्यात उपयोगी पडते. २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील पुरुषांत साक्षरता ५९ टक्के, तर स्त्रियांत केवळ २८ टक्के होती. वृद्ध स्त्रियांमधील वाढीव प्रमाणाचा एक धागा येथे सापडतो. मुलींना शाळेबाहेर ठेवण्याची किंमत समाज साठ वर्षांनंतरही मोजत असतो.

आता दुभाषिकतेकडे येऊ. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय विज्ञान संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी यांच्या नेतृत्वाखाली ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे दिसले. निरक्षरांतही हा फरक आढळला. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही शाळेची पायरी न चढलेल्या, पण दोन भाषांत संसार करणाऱ्या आजीकडेही काही बौद्धिक शिल्लक असू शकते, हा विचार आश्वासक आहे.

खर्च कोण सोसतो?

अल्झायमर आणि संबंधित विकारांसाठी काम करणाऱ्या भारतीय सोसायटीच्या २०१० च्या अहवालाने देशातील स्मृतिभ्रंशाचा एकूण वार्षिक खर्च सुमारे १४,७०० कोटी रुपये असल्याचे म्हटले. त्यातील निम्म्याहून अधिक भाग कुटुंबीयांच्या विनामोबदला शुश्रूषेचा होता. हे काम प्रामुख्याने सून, मुलगी किंवा पत्नी करते. ती नोकरी किंवा मजुरी सोडते. परंतु तिचे गमावलेले उत्पन्न कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. जो खर्च दिसत नाही, तो वाचविण्याची निकडही शासनाला भासत नाही.

म्हणून प्राधान्यक्रम स्पष्ट असावा. निरोगी वृद्धांची सरसकट जनुकीय चाचणी करण्यात सार्वजनिक पैसा गुंतवू नये; निकाल काहीही आला तरी रक्तदाब आटोक्यात ठेवा, हाच सल्ला द्यावा लागेल. जनुकीय संशोधन अवश्य व्हावे. परंतु सेवेचा पहिला रुपया प्राथमिक आरोग्य केंद्रातील नियमित औषधांवर, दुसरा चष्मा व श्रवणयंत्रावर आणि तिसरा शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीला काही तास उसंत देणाऱ्या दिवसा-देखभाल केंद्रावर खर्च व्हावा. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमाच्या चौकटीत यांपैकी बरेच काही बसू शकते. स्मृतिपरीक्षणाची साधने मात्र निरक्षरांनाही लागू पडतील अशी हवीत. बल्लभगडच्या संशोधकांनी हिंदी भाषकांसाठी तशी चाचणी तयार केली होती.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या आजी-आजोबांचा रक्तदाब या महिन्यात मोजला गेला आहे का, त्यांना नीट ऐकू येते का, याची चौकशी घरी जाऊन करा. देशाच्या आरोग्यधोरणाने साठीपुढील प्रत्येक नागरिकाविषयी हीच चौकशी दर महिन्याला करावी, एवढीच माझी मागणी आहे.