सही आपली, उत्तरही आपलेच



  

पॅथॉलॉजिस्टांच्या या परिषदेत अध्यक्षाने भाषणात वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे, आणि यंदा अध्यक्ष मी आहे. वैद्यकीय प्रयोगशाळांच्या दर्जाचे मानक आयएसओ 15189, त्याची 2022 ची आवृत्ती आता अंगवळणी पडते आहे. डिजिटल स्लाइड आणि संगणकी निदान यांवर काल दिवसभर चर्चा झाली. बोगस लॅबचा प्रश्न होता तिथेच आहे. आढावा मी इथे थांबवते, कारण एक गोष्ट मी कित्येक वर्षे कार्यकारिणीत मांडत आले आणि दरवेळी 'पुढच्या बैठकीत घेऊ' म्हणून ती मागे पडत गेली. आज ती पुढे ढकलली जाणार नाही. स्वमग्न मुलांच्या आईबापांच्या हातात आपण जे रिपोर्ट ठेवतो, त्यांच्याबद्दल मला बोलायचे आहे.

सांगलीतल्या माझ्या लॅबमध्ये हे आईबाप येतात ते जाडजूड फाइल घेऊन. फाइलमध्ये असतात केसांतल्या धातूंचे रिपोर्ट, औषध देऊन गोळा केलेल्या लघवीतल्या धातूंचे रिपोर्ट, नव्वद-शंभर अन्नपदार्थांवरच्या आयजीजी अँटिबॉडी, लघवीतले पेप्टाइड, ऑरगॅनिक अॅसिड, एमटीएचएफआर जीन. काही सॅम्पल परदेशात गेलेली असतात. कुणी सोने गहाण ठेवलेले असते, कुणी पीएफ काढलेला असतो. आणि ते एकच विचारतात, "मॅडम, हा रिपोर्ट खरा का?"

त्यांनी हे मला का विचारावे? सॅम्पल घेणाऱ्या कलेक्शन सेंटरच्या मुलाला उत्तर माहीत नसते. तपासणी लिहून देणारा दुसऱ्या शहरात असतो. आणि ज्याची सही रिपोर्टवर आहे, तो फोनवर येत नाही. त्याने आपले उत्तर आधीच छापून ठेवलेले असते, शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत: 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली', म्हणजे अर्थ डॉक्टरांनी लक्षणांशी ताडून लावावा. माझी तक्रार या ओळीविरुद्ध आहे. तिच्याआड आपला अख्खा व्यवसाय उभा राहिला आहे.

आधी सगळ्यांना ठाऊक असलेली, पण आईबापांना कुणीच स्पष्ट न सांगितलेली गोष्ट. स्वमग्नतेचे निदान रक्तावर होत नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे 'आयएसएए' ही 40 मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. त्यातल्या एकाही मुद्द्याला रक्ताची ट्यूब लागत नाही. मुलाकडे बघावे लागते, त्याच्याशी खेळावे लागते, आईला विचारावे लागते.

याचा अर्थ लॅबचे इथे काम नाही असा नाही. मूल बोलत नसेल तर आधी कान तपासावेत. फ्रॅजाइल एक्स हा जनुकीय आजार शोधायला हवा. त्यात सीजीजीची पुनरावृत्ती 200 च्या वर गेली की निदान पक्के होते. क्रोमोसोमल मायक्रोअॅरेला 2010 पासून अमेरिकेच्या जनुकशास्त्रज्ञांनी पहिल्या फळीत बसवले आहे. मूल माती, रंगाचे पोपडे खात असेल तर रक्तातले शिसे बघायलाच हवे. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या, रात्ररात्र न झोपणाऱ्या मुलाचे फेरिटिन बघावे. या तपासण्यांत उत्तर आले तर पुढे काय करायचे ते ठाऊक असते. फाइलमधल्या बाकीच्या कागदांबद्दल तसे म्हणता येत नाही.

आपले सहकारी म्हणतात, "अर्थ लावणे क्लिनिशियनचे काम. आपण आकडा द्यायचा." गेली काही वर्षे प्रत्येक परिषदेत हा वाद होतो. माझ्यापुरता तो रत्नागिरीच्या एका मुलाने मिटवला. सहा वर्षांचा मुलगा; भात आणि मासे, एवढेच खायचा. लघवीत आर्सेनिक भरपूर, रिपोर्टवर लाल ठसठशीत बाण. कुणीतरी विषबाधा म्हटले. घरच्यांनी विहिरीचे पाणी सोडले, भांडी बदलली, आणि सल्ल्यावरून मासे बंद केले. त्याच्या पोटात जाणारे एकमेव सकस अन्न गेले. वजन उतरू लागले तेव्हा आजी त्याला घेऊन सांगलीला आली. मी विचारले, सॅम्पल देण्याआधी मासे खाल्ले होते का? आजी म्हणाली, "बाई, तेव्हा रोजच खायचा की." माशांत आर्सेनोबीटेन असते. ते शरीराला अपाय न करता लघवीवाटे निघून जाते, पण एकूण आर्सेनिक मोजणाऱ्या यंत्राला ते वेगळे ओळखता येत नाही. आता मासे बंदच होते, पुन्हा मोजले, आकडा नॉर्मल आला. मुलाचे ताट पूर्ववत झाले. सॅम्पल घेताना हा प्रश्न विचारायचे काम कुठल्या क्लिनिशियनचे होते? ते सॅम्पल घेणाऱ्याचे होते. म्हणजे आपले.

दुसरे म्हणणे असे की आईबापांना हे समजत नाही, सांगून उपयोग नाही. हे मला कधीच पटले नाही. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवणाऱ्या एका बापाने मुलीची लघवी एकाच भांड्यातून दोन बाटल्यांत भरली, दोन नावे लिहिली आणि एकाच दिवशी एकाच लॅबला पाठवली. दोन रिपोर्ट आले. एकात पारा जास्त, दुसऱ्यात नॉर्मल. तो मला म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे एकाच जॉबची दोन मापं आली तर आम्ही जॉब भंगारात टाकत नाही, आधी गेज तपासतो." आपल्या अभ्यासक्रमात गुणवत्तेवर जेवढे शिकवतात, त्याचे सार त्या एका वाक्यात आले. त्याला ठाऊक नव्हते, पण शास्त्रज्ञांनीही तेच केले होते. 2001 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. एकाच निरोगी व्यक्तीचे केस वाटून सहा व्यावसायिक लॅबना पाठवले होते. बारा खनिजांच्या बाबतीत सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या दहा पटींहून जास्त निघाला. तरीही केसांची पाकिटे आजही कुरिअरने जातात.

आता उजवीकडच्या रकान्याबद्दल, नॉर्मल रेंजबद्दल बोलते. आईबापांचे सगळे लक्ष तिथेच असते. रेंज म्हणजे निरोगी लोकांपैकी मधल्या 95 टक्क्यांचे आकडे. निरोगी माणसांतही विसांतला एक बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी मुलाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता 64 टक्के असते. शंभर तपासण्यांच्या पॅनेलमध्ये सरासरी पाच लाल बाण येणारच. आपल्याला हे पहिल्या वर्षी शिकवले. आपण ते आईबापांना सांगितले का? पॅनेल विकताना सांगितले का? शिवाय ती रेंज कुणाची? किमान 120 निरोगी व्यक्तींवरून ती ठरवावी असा संकेत आहे. मी पाहिलेल्या कित्येक रिपोर्टांत पाच वर्षांच्या मुलाच्या लघवीला प्रौढांची रेंज लावलेली होती. लहान मुलाचे स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी, म्हणून भागाकार केला की सगळेच धातू वाढलेले दिसतात.

त्याहून गंभीर आहे ते 'चॅलेंज' सॅम्पल. मुलाला डीएमएसए देतात, मग लघवी गोळा करतात. हे औषध कुणाच्याही शरीरातून धातू बाहेर काढते, ते त्याचे कामच आहे. आणि तो आकडा तोलतात औषध न घेतलेल्या माणसांच्या रेंजवर. अमेरिकेतल्या वैद्यकीय विषशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2009 मध्ये स्पष्ट भूमिका घेतली: ही पद्धत शास्त्राने सिद्ध झालेली नाही, तिचा फायदा दिसलेला नाही, तिने अपाय होऊ शकतो. अपाय म्हणजे काय, ते 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियात दिसले. पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाला धातू काढण्यासाठी शिरेतून ईडीटीए दिले. रक्तातले कॅल्शियम कोसळले, हृदय थांबले. धातू काढण्याच्या या उपचाराकडे जाणारी वाट पुष्कळदा अशाच एका लाल बाणापासून सुरू होते.

अन्नाच्या आयजीजीबद्दल युरोपच्या अॅलर्जीतज्ज्ञांनी 2008 मध्येच सांगितले की आयजीजी4 वाढलेले दिसणे म्हणजे तो पदार्थ पोटात जातो आणि शरीराने तो पत्करला आहे. तरीही दूध आणि गहू 'पॉझिटिव्ह' आले म्हणून चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दोन पदार्थ काढून घेतले जातात.

तिसरा वाद सहीचा. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. आपण पेढे वाटले, आणि ते योग्यच होते. काही सहकारी म्हणतात, सही आली, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे चिन्ह आले, वेल्लोरच्या बाह्य गुणवत्ता तपासणीत गुण चांगले आले, आता रिपोर्ट भरवशाचा. सही मलाही हवी, चिन्हही हवे. पण एनएबीएलची मान्यता तपासणीगणिक असते आणि कागदावरचे चिन्ह बघणाऱ्या आईला हे कुणी सांगत नाही. आणि यंत्र निर्दोष असूनही रिपोर्ट चुकतो. एका मुलीचे लॅक्टेट वाढलेले आले म्हणून मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराचा संशय घेऊन तिला माझ्याकडे पाठवले होते. मी आईला विचारले, रक्त कसे काढले? चौघांनी धरून, टूर्निके आवळून, मूल किंचाळत असताना. झटापटीत आणि आवळलेल्या दंडात लॅक्टेट वाढतेच. आम्ही तिला आदल्या दिवशी रिकामी खोली दाखवली, ट्यूब हातात खेळू दिली, बधिर करणारे मलम लावले, आईच्या मांडीवर बसवून टूर्निकेशिवाय रक्त घेतले. लॅक्टेट नॉर्मल. त्या आधीच्या रिपोर्टवर सही होती, चिन्ह होते, सगळे होते.

लॅबच्या चुकीची किंमत किती मोठी असू शकते, हे तरुणांनी एका प्रकरणातून शिकावे. डब्लिनमधल्या एका प्रयोगशाळेने स्वमग्न मुलांच्या आतड्यांच्या तुकड्यांत गोवराचा विषाणू सापडल्याचे सांगितले. एमएमआर लसीने स्वमग्नता येते हा संशय त्याने बळावला. अमेरिकेत लसीविरुद्ध सुमारे 5,000 कुटुंबांचे दावे उभे होते. पीसीआरचे जाणकार स्टीफन बस्टिन यांनी त्या प्रयोगशाळेच्या नोंदी तपासल्या. गोवराचा विषाणू आरएनएचा. आधी त्याचे डीएनएत रूपांतर केल्याशिवाय पीसीआरला तो दिसूच शकत नाही. नोंदींत ती पायरी गाळूनही निकाल पॉझिटिव्ह आलेला होता. म्हणजे सापडले ते बाहेरून मिसळलेले डीएनए. फेब्रुवारी 2009 मध्ये न्यायालयाने नमुन्यादाखल निवडलेल्या दाव्यांत कुटुंबांच्या विरुद्ध निकाल दिला. तोवर कित्येक वर्षे हजारो आईबाप त्या निकालांवर भरवसा ठेवून जगले, आणि जगभर पुष्कळ मुले लसीवाचून राहिली. एक कंट्रोल नीट वाचला असता तर हे टळले असते. कंट्रोल वाचणे हे क्लिनिशियनचे काम आहे, असे म्हणायची कुणाची छाती आहे का?

मग करायचे काय? काही कामे मनात आहेत, तपशील कार्यकारिणीने ठरवावा. आईबापांसाठी मराठीत एक साधे पत्रक हवे. पहिला मसुदा मी लिहीन. स्वमग्न मुलाचे रक्त कसे घ्यावे याचे प्रशिक्षण टेक्निशियन मुलामुलींना द्यायला हवे. जिल्हा शाखांनी पुढाकार घ्यावा. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेशी बोलायला हवे. कायद्याच्या अंगाने काय करता येईल तेही बघू.

पण ज्या गोष्टीला समिती लागत नाही, ती आजच सांगते. कुठल्याही तपासणीचे सॅम्पल घेण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे आपल्याजवळ हवीत. तेच सॅम्पल पुन्हा तपासले तर तेच उत्तर येईल का? ही रेंज या वयाच्या, अशाच रीतीने सॅम्पल दिलेल्या मुलांची आहे का? आकडा बाहेर आला तर या मुलासाठी नेमके काय बदलणार आहे? उत्तरे नसतील तर सॅम्पल घेऊ नका. धंदा बुडेल म्हणून कुणी घाबरवेल. माझ्या लॅबने असली सॅम्पल कित्येक वर्षे परत पाठवली आहेत आणि लॅब आजही उभी आहे. नकार ऐकून गेलेले आईबाप पुढच्या प्रत्येक तपासणीला परत आले आहेत.

आणि ज्या रिपोर्टवर सही कराल, त्याखाली ती बारीक ओळ छापू नका. आपला फोन नंबर छापा. फोन वाजेल तेव्हा स्वतः उचला.