बैलांचा चढ
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला 'सॉफ्टवेअरमधले अनुभव' असा विषय दिला होता. मी मात्र एका चित्रावर बोलणार आहे. घाबरू नका, जेवणाच्या आधीची शेवटची वक्ता मीच आहे हे माझ्या लक्षात आहे.

आपण सगळ्यांनी शाळेत एकच निसर्गचित्र काढलं. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, नदी, काठावर झोपडी, एक नारळाचं झाड आणि चारच्या आकड्याचे पक्षी. एलिमेंटरीच्या परीक्षेआधी चित्रकलेच्या बाईंनी माझा कागद उचलून विचारलं, "ही झोपडी तू कुठे पाहिलीस?" मी गप्प. बाई म्हणाल्या, "माहीत आहे ते काढू नकोस, दिसतंय ते काढ." मला वाटलं, बाईंना झोपडी आवडली नाही.

तीन वर्षांपूर्वी मी कामासाठी लंडनला होते. काम म्हणजे निरवानिरव. ज्या प्रॉडक्टवर मी अकरा वर्षं घालवली, ते कंपनीने बंद करायचं ठरवलं होतं. आमच्या टीमचा सगळा कोड गुंडाळायचा आणि त्याबरोबर आमच्या नोकऱ्याही. एका दुपारी मोकळी होते, पाऊस होता आणि नॅशनल गॅलरीत प्रवेश फुकट असतो, म्हणून आत शिरले.

तिथे कामीय पिसारोचं १८७७चं एक चित्र आहे. नावाचा अर्थ 'बैलांचा चढ'. चित्रात बैल नाही. पॅरिसच्या वायव्येला पॉन्त्वाझ नावाचं गाव आहे, तिथल्या एका वस्तीतला हा उतार. लाल छपराची गावातली घरं, पण ती नीट दिसतच नाहीत. पुढे उंच, सडपातळ झाडांची जाळी आणि घरं तिच्यामागे. आपण असतो तर घर पुढे काढलं असतं आणि झाड बाजूला. या माणसाने उभ्या जागेवरून जसं दिसलं तसं काढलं. रंगाचे थर इतके जाड की जवळून नुसता खडबडीत पृष्ठभाग दिसतो. दोन पावलं मागे गेलं की त्यातून फांद्या आणि छपरं वेगळी होतात.

मी बाकावर बसले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, डावीकडे झाडीत दोन माणसं उभी आहेत. ती मघापासून तिथेच होती. त्याच क्षणी मला बाई आठवल्या.

हॉटेलवर येऊन पिसारोबद्दल वाचत बसले. १८७०मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, तेव्हा तो लूव्हसिएन गावातलं घर सोडून कुटुंबासह लंडनला आला. माझ्यासारखाच, गाशा गुंडाळून! मागे त्या घरात प्रशियाचे सैनिक उतरले. चिखलात पाय भरू नयेत म्हणून त्यांनी बागेत त्याची चित्रं अंथरली. सुमारे १५०० चित्रांपैकी जेमतेम ४० उरली. वीस वर्षांची मेहनत गेली, तेव्हा त्याचं वय होतं चाळीस.

मग तो परत गेला, १८७२मध्ये पॉन्त्वाझला राहू लागला आणि कोबीचे मळे, फळबागा, शेतात राबणाऱ्या बायका, लाल छपरं काढत राहिला. १८७४ ते १८८६ या काळात इम्प्रेशनिस्टांची आठ प्रदर्शनं झाली. आठही प्रदर्शनांत चित्रं मांडणारा तो एकटाच. मी पाहिलेलं चित्र या दुसऱ्या डावातलं. तेव्हा तो सत्तेचाळीसचा होता, म्हणजे साधारण आपल्याच वयाचा.

शिक्षकांसमोर बोलते आहे, म्हणून आणखी एक सांगते. त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेला सेझान त्याच्याबरोबर याच गावाभोवती चित्रं काढत असे. त्याने पिसारोच्या एका चित्राची नक्कलही केली होती. पुढे सेझान स्वतः मोठा झाला, तरी १९०६च्या एका प्रदर्शनाच्या यादीत त्याने आपली ओळख 'पिसारोचा शिष्य' अशी छापली. आणि हा गुरू पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झाला. त्याच्याहून एकोणतीस वर्षांनी लहान असलेल्या सुराकडून तो ठिपक्यांची नवी पद्धत शिकला. काही वर्षांनी ती जमत नाही असं वाटलं, तेव्हा सोडूनही दिली.

नोकरी गेल्यावर सात महिने मी घरी होते. तुमच्यापैकी अनेकांना आज हे पहिल्यांदा कळतंय. आपल्या ग्रुपवर मी रोज 'सुप्रभात' पाठवत होते, पण हे सांगायची लाज वाटत होती. 'पंचेचाळिशीनंतर या क्षेत्रात कोण घेतं?' हे मला माहीत होतं. दिसत मात्र नव्हतं, कारण मी बघतच नव्हते. झाडांच्या जाळीमागे घरं होती, माणसंही होती.

आता मी नव्या ठिकाणी आहे. मला नवं तंत्र शिकवणारी मुलगी माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आहे. चुकलं की ती डोळे मोठे करते, अगदी आपल्या बाईंसारखे.

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून कबूल करते, माझी झोपडी अजूनही तशीच येते. पण आता मी आधी थोडा वेळ बसून बघते.

चला, जेवायला जाऊया. आणि कुणाचे 'सात महिने' सध्या चालू असतील, तर माझ्या पानाशेजारी येऊन बसा.